अळसांद्याच्या संकरासाठी जनक वाणांची निवड

पेडणे तालुक्यात हळर्णसारख्या गावांतून सरदीचे भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर अळसांदे पेरण्याची रीत आहे. या चवळीची ओळख म्हणजे तिचा टपोरा दाणा. बाजारात भाव मिळतो तो त्यालाच. मात्र वेल पसरतो, शेंगा टप्प्याटप्प्याने पिकतात आणि ओल सरल्यावर आलेला बहर वाया जातो. हे दोष संकराने कमी करता येतात. त्यासाठी जनक वाण विचारपूर्वक निवडावे लागतात.

सर्वांत टपोऱ्या दाण्यांची दोन झाडे घेऊन त्यांचा संकर करावा, असे सहज वाटते. ते फसवे आहे. एकाच गावच्या बियाण्यातील झाडांचे गुण बहुतांशी सारखे असतात व संततीत निवडण्याजोगे फारसे उरत नाही. शिवाय दाणा मोठा झाला की शेंगांची व दाण्यांची संख्या बहुधा घटते. म्हणून एक जनक स्थानिक अळसांदा, तर दुसरा लवकर पिकणारा व भरपूर शेंगा धरणारा घ्यावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘कोकण सदाबहार’ हे लवकर येणारे वाण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

अंतरालाही मर्यादा आहे. घेवड्याची व चवळीची गुणसूत्रे प्रत्येकी 22 असली तरी त्यांचा परस्पर संकर साधत नाही. घेवड्यातही अँडीज पर्वताकडील टपोऱ्या आणि मध्य अमेरिकेतील बारीक दाण्यांच्या काही वाणांचा संकर केल्यास पहिलीच पिढी खुरटते.

चवळी स्वपरागित आहे. फूल पहाटे उमलते. तत्पूर्वीच परागकोश फुटत असल्याने आदल्या संध्याकाळी कळीतील पुंकेसर काढावे व सकाळी दुसऱ्या जनकाचे पराग लावावे. पहिली पिढी एकसारखी असते. खरी निवड दुसऱ्या पिढीत सुरू होते. दाण्याचा आकार आनुवंशिक असल्याने त्यावर एकेक झाड निवडता येते. उत्पन्नाचे तसे नाही. बांधाजवळचे झाड ओलीमुळेही लगडते. उत्पन्नाचा निर्णय सहाव्या-सातव्या पिढीत, वाण स्थिरावल्यावर, मूळ अळसांद्याशेजारी वाफे पेरून व तोलून करावा. दाणा बारीक पडू लागल्यास संकरित झाडाचा पुन्हा अळसांद्याशी संकर करावा.

मोझॅक रोग बियाण्यातून व माव्यामार्फत पसरतो. पाने चितकबरी झालेले झाड कितीही लगडलेले असले तरी जनक म्हणून घेऊ नये. त्याचे बीही राखू नये.