बेस गिटारचा ॲम्प्लिफायर आणि मंडळीचें गायन

वाचनासाठीं शास्त्रभाग : १ इतिहास १५:१६–२२, लूक १४:२८–३०, १ करिंथ १४:६–१९

आमच्या कित्येक मंडळ्यांत पेटी, तबला आणि टाळ यांच्या जोडीस आतां बेस गिटार येऊं लागली आहे. तिच्यासाठीं जें यंत्र लागतें, त्याच्या आजच्या एका प्रकारास डिजिटल मॉडेलिंग ॲम्प्लिफायर असें म्हणतात. हें यंत्र दिसलें कीं मंडळींत बहुधा दोन पक्ष होतात. वडील मंडळी म्हणतात, “या गडगडाटांत आमचें भजन बुडून जाईल.” तरुण मंडळी स्तोत्र १५० उघडून दाखवितात आणि म्हणतात, “मोठ्यानें वाजणाऱ्या झांजांनींही देवाची स्तुति करावी, असें शास्त्रच सांगत नाहीं काय?” दोघांचेंही म्हणणें विचारांत घेण्याजोगें आहे. म्हणून या धड्यांत आम्ही त्या यंत्राची माहिती, त्याच्या जोडीच्या वस्तु आणि उपासनेंत त्याचा योग्य उपयोग यांविषयीं सांगणार आहों. ज्या उपदेशक बंधूंस या वाद्याचा गंध नाहीं, त्यांसही मंडळीस योग्य सल्ला देतां यावा, हा आमचा हेतु आहे.

१. खालचा स्वर कशासाठीं?

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते; सर्वांत बारीक तार मोकळी वाजविली असतां सुमारें ९८ वेळां. साधारण पुरुषाच्या बोलण्याचा स्वर सेकंदास शंभर कंपनांच्या आगेमागें असतो. म्हणजे हें वाद्य मनुष्याच्या बोलण्याच्याही खालीं चालतें. घराचा पाया जमिनींत असतो. पाहुणा त्याची वाखाणणी करीत नाहीं, पण तो खचला तर भिंतीस तडा जातो. बेसचें काम तें हेंच.

आमच्या भजनांत हें काम कांहीं अंशीं तबल्याचा डग्गा पूर्वींपासून करीत आला आहे. म्हणून बेस वाजविणाऱ्यानें आपला कान प्रथम डग्ग्याकडे व पेटीच्या मुख्य स्वराकडे द्यावा. आरंभीं केवळ ‘सा’ आणि ‘प’ हे दोन स्वर समेवर नीट पडले, तरी पुष्कळ भजनांस आधार मिळतो. बोटें जलद चालविण्याची घाई करूं नये.

२. हें यंत्र काय करितें?

इ. स. १९५१ मध्यें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत लिओ फेंडर यांच्या कारखान्यानें प्रिसिजन नांवाची विजेची बेस गिटार विक्रीस काढिली. तत्पूर्वीं खालच्या स्वरासाठीं मनुष्याहून उंच असें डबल बेस हें लांकडी वाद्य वापरीत, व मोठ्या वाद्यमेळांत त्याचा आवाज दबून जाई. पुढें या वाद्यांसाठीं मोठमोठाले ॲम्प्लिफायर निघाले. अँपेग कंपनीनें १९६९ सालीं काढिलेला एस. व्ही. टी. नांवाचा ॲम्प्लिफायर ३०० वॉटचा होता. जुन्या रेडिओंत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह त्यांत होते, आणि स्पीकरचें खोकें वेगळें ठेवून नुसत्या यंत्राचेंच वजन ३५ किलोंहून अधिक भरे. प्रत्येक जातीच्या ॲम्प्लिफायरचा स्वर निराळा. कोणाचा मऊ, कोणाचा खरखरीत. निरनिराळे स्वर पाहिजेत तर निरनिराळीं यंत्रें वाहून न्यावीं लागत.

मॉडेलिंगनें ही अडचण दूर केली. कल्पना करा कीं, एखादा मुलगा नदीकांठीं बसून पाण्याची उंची दर तासास वहींत लिहितो. ती वही पाहून पूर केव्हां आला व केव्हां ओसरला हें दुसऱ्यास सांगतां येतें. त्याचप्रमाणें हें यंत्र तारेच्या कंपनापासून निघणाऱ्या विजेच्या लहरीची उंची सेकंदास ४४,१०० वेळां किंवा त्याहूनही अधिक वेळां मोजून तिचे आंकडे करितें. मग अमुक जुन्या ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हमधून आणि अमुक स्पीकरमधून गेली असती तर ती लहर कशी झाली असती, याचें गणित आंतील संगणक त्याच क्षणीं करितो. शेवटीं त्या आंकड्यांची पुनः वीज होऊन स्पीकरमधून आवाज निघतो. लाइन ६ नांवाच्या अमेरिकन कंपनीनें १९९६ सालीं ॲक्सिस २१२ हा असा गिटार ॲम्प्लिफायर काढिला. त्यानंतर ही युक्ति बेसच्या यंत्रांतही आली. फेंडर कंपनीनें काढिलेल्या अशा यंत्रांपैकीं रम्बल स्टुडिओ ४० हें ४० वॉटचें असून त्यांत एक दहा इंची स्पीकर आहे. रम्बल स्टेज ८०० हें ८०० वॉटचें असून त्यांत तसे दोन आहेत.

कोणी विचारील, “एका यंत्रानें दुसऱ्याचा आवाज काढावा, ही फसवणूक नव्हे काय?” याकोबानें एसावाचीं वस्त्रें घालून आंधळ्या बापाचा आशीर्वाद घेतला, तेव्हां त्यांत पाप होतें, कारण त्यानें भावाच्या हक्काचें हिरावून घेतलें. येथें कोणाचें कांहीं जात नाहीं. पेटींतही बांसरीसारखा सूर काढणाऱ्या पट्ट्या असूं शकतात. त्यास आम्ही खोटें म्हणत नाहीं. भय आहे तें दुसरेंच. यंत्रांत शेंकडों आवाज भरलेले असले म्हणजे वाजविणारा प्रत्येक कडव्यास नवा आवाज लावून पाहतो, आणि मंडळीचें मन गीतावरून उडून यंत्रावर जातें. म्हणून आमचा सल्ला असा कीं, एक साधा, स्वच्छ आवाज निवडावा, तो यंत्रांत जतन करून ठेवावा आणि वर्षभर तोच वापरावा. यंत्राचें अपडेट शनिवारीं रात्रीं कधींही करूं नये. बिघाड झाल्यास दुरुस्तीस वेळ राहत नाहीं.

३. जोडीच्या वस्तु

केबल. गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी केबल आंतून जाळीनें वेढलेली असते. ती बाहेरची घरघर अडविते. ॲम्प्लिफायरपासून वेगळ्या स्पीकरकडे जाणारी केबल जाड तारांची असते. दोन्हींचीं टोंकें कधीं कधीं सारखींच दिसतात, म्हणून त्यांवर निरनिराळ्या रंगाची चिकटपट्टी लावावी. गिटारची केबल स्पीकरला जोडिल्यास ती तापते व यंत्रासही अपाय होऊं शकतो. एक जादा केबल नेहमीं जवळ ठेवावी, आणि उपासनेनंतर सर्व केबली गुंडाळून पत्र्याच्या डब्यांत ठेवाव्या. उंदरांस त्यांची फार आवड असते.

ट्यूनर. बहुतेक मॉडेलिंग यंत्रांत हा आंतच असतो. पेटीचे सूर हलवितां येत नाहींत. म्हणून पेटीबरोबर वाजवावयाचें असल्यास प्रथम पेटीचा स्वर ट्यूनरवर पाहून घ्यावा आणि मग गिटारच्या तारा त्यास मिळवाव्या.

फूटस्विच. पायानें आवाज बंद करण्यास किंवा बदलण्यास हा उपयोगी पडतो. प्रार्थना सुरू होतांच पायानें आवाज बंद करावा, हाच त्याचा आमच्या मतें उत्तम उपयोग. एका कंपनीचा फूटस्विच दुसऱ्या कंपनीच्या यंत्रास बहुधा चालत नाहीं, हें विकत घेण्यापूर्वीं लक्षांत ठेवावें.

हेडफोन. यांच्या योगानें शेजाऱ्यांस त्रास न देतां रात्रींही सराव करितां येतो. गरीब वस्तींत, जेथें भिंतीस भिंत लागलेली असते, तेथें ही मोठी सोय आहे.

मिक्सरकडे जाणारी वाट. पुष्कळ यंत्रांस मागें तीन टोंचांच्या केबलीची जागा असते. तेथून आवाज मंदिराच्या मिक्सरकडे पाठवितां येतो. असें करितांना यंत्रांतील स्पीकरची नक्कल चालूं ठेवावी. परंतु यंत्रास वेगळें, मोठें स्पीकरचें खोकें जोडिलें असेल, तर ती नक्कल बंद करून ऐकावें; नाहींतर एकावर एक दोन खोकीं बसल्याप्रमाणें आवाज कोंदट होतो. झाडावर किंवा छपरावर बांधिलेल्या कर्ण्यांतून मात्र बेसचा आवाज सोडूं नये. कर्णा भाषणासाठीं केलेला असतो. इतका खालचा स्वर त्यास काढतां येत नाहीं व त्याचें आंतील पातळ पटल फुटण्याचा संभव असतो.

जादा स्पीकर. ॲम्प्लिफायरच्या मागें किती ओहमपर्यंत चालेल तें छापलेलें असतें. ८ ओहमचीं दोन खोकीं नेहमींप्रमाणें शेजारशेजारीं जोडिलीं तर भार ४ ओहमचा होतो. ४ ओहमचीं दोन जोडिलीं तर २ ओहमचा. छापलेल्या आंकड्याच्या खालीं गेल्यास यंत्र तापून बंद पडतें किंवा जळतें.

४. विजेविषयीं सावधगिरी

हा भाग उपदेशक बंधूंनीं मंडळींत अवश्य वाचून दाखवावा. २००५ सालच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत, वेको या शहरीं, एक तरुण पाळक बाप्तिस्मा देण्यासाठीं पाण्यांत उभे असतां त्यांनीं माइकला हात लाविला, आणि विजेच्या धक्क्यानें ते मृत्यु पावले. १९७२ सालीं वेल्समधील स्वानसी येथें एक गिटारवादकही रंगमंचावर माइकला हात लावितांच असाच मरण पावला. गिटारच्या तारांस वादकाचे हात सतत लागलेले असतात. समोरचा माइक ओठांजवळ असतो. दोहोंपैकीं एकांत वीज उतरली असली, तर मनुष्य त्या दोहोंमधील दुवा होतो.

म्हणून तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कधींही तोडूं नये. घरघर थांबावी म्हणून कित्येक लोक ती काढून टाकितात. हें जिवाशीं खेळणें आहे. मंदिराचें अर्थिंग परवाना असलेल्या वायरमनकडून तपासून घ्यावें, आणि गळती झाल्यास वीज तोडणारें स्विच बसवावें. ॲम्प्लिफायर आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावावे. ओल्या पायांनीं किंवा पाण्यांत उभें राहून यंत्रास अथवा माइकास हात लावूं नये.

परदेशीं असलेल्या एखाद्या बंधूनें यंत्र भेट म्हणून पाठविलें, तर प्लग लावण्यापूर्वीं त्याच्या मागील अक्षरें वाचावीं. अमेरिकेंत वीज १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३०. मागें १०० ते २४० असें छापलें असेल तर चिंता नाहीं. केवळ १२० असें असेल तर योग्य वॉटच्या ट्रान्सफॉर्मरवांचून तें लावूं नये. चालूं करितांना आवाजाची कळ प्रथम शून्यावर आणावी. बंद करितांनाही तसेंच.

५. आवाज किती असावा?

पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहितांना बांसरी, वीणा आणि रणशिंग यांचीं उदाहरणें घेतलीं. त्याचा मुद्दा असा कीं, ज्या नादाचा अर्थ कळत नाहीं त्यानें कोणाची उन्नति होत नाहीं. स्तोत्रकर्त्यानें झांजांस स्थान दिलें हें खरें. परंतु झांजांनींही स्तुतीच करावयाची आहे, आणि मंडळीची स्तुति शब्दांनीं होते. म्हणून आम्ही एक कसोटी सुचवितों. ज्यास तें गीत पाठ नाहीं अशा एका मनुष्यास सर्वांत मागें सतरंजीवर बसवावें. कडवें संपल्यावर त्यानें त्याचे शब्द सांगावे. त्यास ते सांगतां आले नाहींत, तर आवाज कमी करावा. मग मध्येंच बेस क्षणभर थांबवावी. कांहींतरी उणें झालें असें गाणाऱ्यांस वाटलें, तर ती आपलें काम बरोबर करीत होती.

लहान, पत्र्याच्या मंदिरांत खालचा स्वर फार घुमतो. त्याची लहरच सुमारें आठ मीटर लांब असते. भिंतींमध्यें ती परतून परतून येते. यंत्र कोपऱ्यांत ठेविल्यास हा घुमारा आणखी वाढतो. म्हणून तें कोपऱ्यापासून दूर, लांकडी बांकावर ठेवावें, आणि खालच्या स्वराची कळ थोडी कमी करावी. बाहेरच्या लोकांचाही विचार करावा. २००० सालच्या सरकारी नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजाऱ्याची झोंप मोडून त्यास सुवार्ता कशी ऐकवावी?

६. खर्चाचा हिशेब

बुरूज बांधण्यापूर्वीं खर्च मोजावा, असें प्रभूनें शिकविलें. वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाहीं. केवळ तीन डेसिबल वाढतो, आणि कानास तो थोडासाच मोठा लागतो. म्हणून साठसत्तर माणसांच्या मंदिरांत मोठ्या आंकड्याच्या मागें लागूं नये. एकच यंत्र घरीं हेडफोनवर, मंदिरांत आणि संमेलनांत मिक्सरद्वारां वापरावयाचें असेल, तर मॉडेलिंगचें यंत्र सोयीचें आहे. केवळ रविवारच्या उपासनेसाठीं पाहिजे असेल, तर साधा ॲम्प्लिफायरही पुरतो. कोणतेंही घ्या, पण अर्थिंगचा पैसा आधीं बाजूस काढा. ज्या मंडळीस अर्थिंग परवडत नाहीं, तिला ॲम्प्लिफायरही परवडत नाहीं असें समजावें.

दावीदानें कोश आणिला तेव्हां गायनाचें शिक्षण देण्यास कनन्या नेमिला गेला, कारण तो त्यांत निपुण होता. तेव्हां प्रथम शिकणारा व शिकविणारा तयार करावा. यंत्र मागाहून घ्यावें.

मंडळीच्या सभेंत विचारण्याजोगे प्रश्न

(१) आमच्या मंदिरांत सर्वांत मागें बसणाऱ्यास गीताचे शब्द ऐकूं येतात काय? त्यास कोणीं विचारिलें आहे काय?

(२) आमच्या मंदिराचें अर्थिंग कोणीं व केव्हां तपासलें?

(३) वाजविणारा तरुण सराव कोठें करितो, आणि त्यास भजनाचे ताल शिकविणारा वडील कोण?

(४) वडिलांनीं तरुणांचें आणि तरुणांनीं वडिलांचें ऐकून घेतलें आहे काय?

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असें येईल, तर उरलेल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मंडळीस सहज सांपडतील, असा आमचा भरंवसा आहे.