एकच सोर्स, तीन मशीन: मराठीत बोलणारं बिल

व्हिडिओत तुम्ही बिलाची रक्कम मराठीत बोलणारा डेमो बघितला. वाचता न येणाऱ्या किंवा नजर कमी झालेल्या गिऱ्हाइकाला याचा खरा उपयोग होतो. पण हे सॉफ्टवेअर बनवून दुकानदारांना विकायचं असेल, तर कोटेशन देण्याआधी हा धडा वाचा.

लायब्ररी कोणती?
ईस्पीक एनजी. ही मजकुराचा आवाज करणारी ओपन सोर्स लायब्ररी. जोनाथन डडिंग्टन यांच्या ईस्पीकवरून २०१५ मध्ये हा नवा प्रकल्प निघाला. यात मराठी आहे आणि इंटरनेट लागत नाही. आवाज मात्र यंत्रासारखा येतो. ते गिऱ्हाइकाला आधीच ऐकवा.

क्रॉस-कम्पाइल म्हणजे काय?
आपल्या जेऊर-कंदर भागातली केळी आखाती देशात जातात. पॅकिंग इथेच होतं, पण माप तिथल्या बाजाराचं. क्रॉस-कम्पाइल तसंच आहे: काम आपल्या मशीनवर, तयार फाइल दुसऱ्याच्या मशीनसाठी. सोर्स एकच, पण विंडोजला डीएलएल लागते, लिनक्स आणि अँड्रॉइडला एसओ.

समजा तुमचा लॅपटॉप लिनक्सचा आहे. विंडोजसाठी त्यावर मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ टाका, अँड्रॉइडसाठी एनडीके. दोन्ही फुकट मिळतात. मॅकचं काम मात्र ॲपलच्याच मशीनवर करा, कारण ॲपलच्या एसडीकेची अटच तशी आहे.

क्रम महत्त्वाचा
१. आधी स्वतःच्या लॅपटॉपसाठी साधा बिल्ड करा. बरेच जण इथेच अडकतात. उच्चारांच्या डेटा फाइल्स ईस्पीकचा प्रोग्राम स्वतः चालून बनवतो. विंडोजसाठी बनवलेला प्रोग्राम लिनक्सवर तसाच चालत नाही, म्हणून डेटा या पहिल्या बिल्डमधून घ्यायचा.
२. मग विंडोजचा बिल्ड. काउंटरवरचा जुना पीसी ३२ बिटचा असेल, तर त्यावर ६४ बिटचा प्रोग्राम चालणारच नाही. उलट ३२ बिटचा प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालतो. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम टाइप' बघूनच ठरवा.
३. मग अँड्रॉइड. ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरला ६४ बिटचा बिल्ड द्यावाच लागतो. जुन्या फोनसाठी ३२ बिटचाही सोबत ठेवा.
४. प्रत्येक बिल्डसोबत डेटाचं फोल्डर द्या. ते राहिलं तर लायब्ररी सुरूच होत नाही.

शेवटी खऱ्या मशीनवर ऐका. कम्पाइल झालं म्हणजे स्पीकरमधून आवाज आला असं नाही. 'पावणेदोनशे', 'साडेतीनशे' अशा रकमा तुमच्या प्रोग्रामने शब्दांत लिहून द्याव्या लागतील. उच्चार खटकला तर डिक्शनरीच्या सोर्समधली मराठीची यादी सुधारा आणि डेटा पुन्हा बनवा.

आता पैशाची गोष्ट
ईस्पीक एनजीचं लायसन्स जीपीएल, आवृत्ती ३. स्वतःच्या दुकानात वापरलं तर कोणाला काही द्यायचं नाही. पण ही लायब्ररी जोडलेलं सॉफ्टवेअर तुम्ही विकलं, तर घेणाऱ्याला तुमचाही सोर्स त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. विकायला मनाई नाही, लपवायला आहे. म्हणून कमाई कोड झाकून ठेवण्यात धरू नका. इन्स्टॉलेशन, उच्चार दुरुस्ती आणि वर्षाची सर्व्हिस यात धरा. कोड बंदच ठेवायचा असेल तर आधी जाणकार वकिलाला विचारा.

गृहपाठ
तुमच्या ओळखीच्या पाच दुकानांत जा. एका कागदावर तीन रकाने करा: कोणतं विंडोज किंवा अँड्रॉइड, ३२ की ६४ बिट, स्पीकर आहे की नाही. किती बिल्ड करायचे आणि किती फेऱ्या मारायच्या, हे त्या कागदावरून कळेल. कोटेशनचा आकडा त्यानंतरच लिहा.