कर्ज काढून दिलेले अर्पण

नगर, रविवार संध्याकाळ

प्रिय बाबू,



परवा रात्री साडेनऊला एका परक्या माणसाचा फोन आला. तुझे पूर्ण नाव घेतले, मी तुझी कोण लागते ते विचारले, आणि तीन हप्ते थकलेत, तुम्ही त्याला समजवा, असे दरडावून म्हणाला. तुझे नाव ऐकताच मला आधी वाटले की चाकणच्या रस्त्यावर तुला काही झाले. हप्त्याचे प्रकरण आहे हे कळल्यावर मी खुर्चीत बसले आणि देवाचे आभार मानले. राग नंतर आला, पण आला तो अजून उतरलेला नाही.

तुझ्या ताईला खोदून विचारले तेव्हा सगळे कळले. त्या मैदानातल्या सभेत तू पन्नास हजार दिलेस, तेही मोबाइलवर कर्ज काढून. मग सभेवाल्यांचे लोक घरी आले तेव्हा आणखी तीस हजार क्रेडिट कार्डावरून. पैशाचे बी पेर, शंभरपट उगवेल, कर्ज फिटेल, बढती मिळेल, असे तुला सांगितले म्हणे. बाबू, ज्या घरात दादाने, तुझ्या बाबांनी, तुला वाढवले त्या घरात देवाशी असा व्यवहार कोणी केला होता का रे?

दादाचा पगाराचा दिवस तुला आठवत असेल. झेडपीच्या शाळेचा पगार, तोही कधी उशिराने. आला की पहिले पाकीट उपासना संगीताच्या पुस्तकात जायचे, दशमांशाचे. दुसरे वाण्याचे, तिसरे तुमच्या फीचे. त्या पहिल्या पाकिटाबद्दल दादा कधी एक शब्द बोलला नाही. आणि वाण्याची उधारी राहिली असली तर तो उपकारस्तुतीच्या सणाच्या लिलावात बोली लावत नसे. लोक एका अंड्याला, एका कोंबडीला चढाओढीने बोली वाढवत, तो मागच्या बाकावर हात बांधून बसे. मला तेव्हा लाज वाटायची, आता त्याचा अभिमान वाटतो. वाण्याचे देणे बाकी आहे तोवर खिशातले पैसे आपले नाहीत, मग ते देवाला कसे द्यायचे, एवढा साधा हिशेब होता त्याचा.

तू म्हणशील, मलाखीत लिहिले आहे, दशमांश आणा आणि माझी प्रतीती पाहा. लिहिले आहे. पण कोठारात आणायचा तो शेतातून निघालेल्या पिकाचा भाग. सावकाराकडून आणून कोठार भरा असे कुठे आहे ते मला दाखव. पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात स्पष्ट लिहिले की मनाची तयारी असली म्हणजे जे जवळ असेल त्या मानाने दान मान्य होते, जवळ नसेल त्या मानाने नाही. आणि शंभरपटीचे वचन मार्काच्या दहाव्या अध्यायात आहे. सुवार्तेसाठी घरदार, शेतीवाडी सोडणाऱ्यांना ते दिले आहे, आणि त्याच ओळीत छळणूकही सांगितली आहे. ती तुला व्यासपीठावरून कोणी वाचून दाखवली का?

विधवेच्या दोन टोल्यांचा दाखला त्यांनी दिला असे ताई म्हणाली. तो दाखला मला फार जवळचा, म्हणून जास्तच लागले. लूकचा एकविसावा अध्याय उघड आणि त्याच्या आधीच्या तीन ओळी वाच. विधवांची घरे खाऊन टाकणाऱ्या आणि दाखवायला लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना प्रभू बोल लावतो आणि लगेच मान वर करून त्या बाईकडे पाहतो. मला तरी वाटते, त्या पाहण्यात कौतुक होते तसे दुःखही होते. तिने उसने आणले नाही. तिला पुढे काय मिळाले हेही लिहिलेले नाही. परत काही येईल म्हणून तिने टाकलेच नव्हते.

मला भीती वाटते ती तुझ्या पैशाची नाही. ऐंशी हजार फिटतील. उद्या बढती मिळाली नाही तर तू देवावर रुसशील, याची मला भीती वाटते. अशा सभांना जाऊन, सगळे देऊन, मग उपासनेला यायचेच सोडून दिलेली मुले मी पाहिली आहेत. देवाने फसवले असे त्यांना वाटते, आणि फसवणारा कोण होता हे त्यांना कोणी सांगत नाही.

पावती दिली का रे त्यांनी? आपल्या मंडळीत वर्षाचा जमाखर्च सभेत वाचतात, खजिनदाराला उभे करून प्रश्न विचारतात, तुम्हा पोरांना तेव्हा जांभया येत. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमली तेव्हा कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने ती पोचवायला मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली. पौलाला जे जड गेले नाही ते यांना का जड जावे?

दुसरे म्हणजे वहिनीचे, तुझ्या आईचे, डोळे. मोतीबिंदूचे दिवाळीनंतर पाहू, असे तू तिला सांगितलेस. कारण तिला माहीत नाही आणि मी सांगितलेले नाही. ती सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला बोलावते. अर्पण केले आहे, आता देता येत नाही, असे आईबापांना सांगणाऱ्यांना प्रभू काय म्हणाला ते मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. मी इथे लिहीत नाही, तुला फार लागेल.

टिळकांचे घर आठव. नारायण वामन टिळक आपल्या नगरचे, हातात आले की देऊन मोकळे. १९१७ मध्ये तर मिशनचा पगारही सोडला. मोठा माणूस, मी त्यांना नमस्कार करते. पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझे लक्ष नेहमी चुलीकडे जाते. एकाने दिले की त्याची किंमत घरातले दुसरे कोणी मोजत असते. तुझी किंमत वहिनी मोजते आहे.

एवढे बोलले, पण तू मुठी आवळून घ्याव्यास असे मला मुळीच वाटत नाही. मी मिरजेला नर्सिंगला होते तेव्हा माझ्या खोलीतल्या मुलीच्या घरची ज्वारी सलग दोन वर्षे गेली. तिने फीसाठी पैसे मागितले. माझे स्टायपेंडचे पैसे पोस्टात होते, घड्याळासाठी साठवलेले. मी नाही म्हटले. ती शिक्षण सोडून गेली. घड्याळ घेतले, कितीतरी वर्षे वापरले. पुढे आयुष्यभर दशमांश न चुकता दिला, तरी ते ‘नाही’ पुसले गेले नाही. तेव्हा तुझ्या मोकळ्या हाताकडे पाहून मला आत कुठेतरी बरेही वाटले, हे तुला सांगायला हवे.

माझ्यासोबत वॉर्डात एक मिझो नर्स होती. त्यांच्याकडे प्रत्येक जेवणाच्या वेळी तांदूळ रांधायला घेताना एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढतात. १९१० पासून हे चालले आहे, आणि त्यातून त्यांच्या मंडळीची किती कामे उभी राहिली. आधी घरच्यांसाठी चूल पेटते आणि त्याच तांदळातली मूठ निघते, हे मला फार आवडले. तसाच जॉन वेस्ली. तरुणपणी वर्षाला अठ्ठावीस पौंडांत भागवायचा. मिळकत तीस पौंडांवरून वाढत एकशेवीसवर गेली तरी खर्च तेवढाच ठेवला आणि वरचे सगळे वाटले. ते देणे मिळकतीतून होते, कर्जातून नव्हते.

आता कामाचे. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी वसुलीचा फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पुन्हा आला तर वेळ लिहून ठेव, मीही ठेवते. ते मोबाइलवाले कोणत्या बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे पैसे देतात ते करारात पाहा. नाव सापडले नाही तर मला लगेच कळव. एक कर्ज फेडायला दुसरे ॲप उघडू नकोस, एवढे माझ्या गळ्याची शपथ घालून सांगते. कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के असे ताई म्हणाली, म्हणजे वर्षाला ४२. तीस हजारांवर महिना हजाराच्या वर नुसते व्याज. ते आधी मिटवायचे. माझी पोस्टातली ठेव पुढच्या आठवड्यात सुटते, त्यातून कार्ड भरू. व्याज नको, कागद नको. परत करशील तेव्हा माझ्याकडे पाठवू नकोस, वहिनीच्या डोळ्यांसाठी ठेव.

आणि रविवारी थैली आली की रिकामा हात पुढे करून ओशाळू नकोस. दहा रुपये असतील तर दहा टाक. पास्टरसाहेब तुझी आठवण काढत होते, तू गिटार वाजवायचास ते सगळ्यांना आठवते. मी त्यांना काही बोलले नाही.

शनिवारी दुपारच्या एसटीने ये. करार, कार्डाचे बिल, जे असेल ते पिशवीत घालून आण, आपण दोघे बसून लिहून काढू. मी रागावणार नाही, जे रागवायचे ते या कागदावर रागावून झाले. तू जेवत नाहीस, डबा बंद केलास, असेही ताई म्हणाली. ते वाचवून हप्ता फिटत नाही रे बाळा. डबा परत लाव, दोन महिन्यांचे मी देते. तू लहानपणी तापात माझ्या मांडीवरून उतरायचा नाहीस, तेव्हाही मला काही सांगत नसायचास, नुसता हात धरून ठेवायचास. आताही सांगता येत नसेल तर सांगू नकोस, पण ये.

तुझी,
आत्या