मुलांचं मन शिकताना

एमबीबीएस, मग मानसोपचारातलं तीन वर्षांचं एमडी आणि त्यावर बाल व किशोर मानसोपचाराचं आणखी तीन वर्षांचं डीएम. बंगळुरूचं निम्हान्स, चंदीगडचं पीजीआय अशा मोजक्याच संस्थांत हे डीएम करता येतं. मी त्या वाटेनं गेले आणि आता नव्या डॉक्टरांना शिकवते. त्यांना वरचेवर सांगते, त्यातल्या या काही गोष्टी.

१. आधी निरोगी मुलं पाहा.
एमडी करताना दिवसभर आजारच डोळ्यांसमोर असतो. तीन वर्षांचं पोर एका जागी किती वेळ बसतं, पाच वर्षांचं आईला सोडताना किती रडतं, हे ठाऊक नसेल तर प्रत्येक धडपड्या मुलावर अतिचंचलतेचा शिक्का बसतो. म्हणून अंगणवाडीत जाऊन बसा, वही न उघडता. माझ्या मते हे अभ्यासक्रमातच सक्तीचं हवं.

२. खुर्ची सोडून खाली बसा.
मोठ्या माणसाचा आजार त्याच्या बोलण्यातून कळतो, मुलाचा खेळण्यातून. एक मुलगा सतरंजीवर बाटल्यांची झाकणं रंगांप्रमाणे ओळीनं लावत होता. मी मधलं एक उचललं. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. माझं मनगट धरलं आणि माझाच हात ओढत त्या मोकळ्या जागेपाशी नेला. हट्ट नाही, रडणं नाही. माझा हात त्याच्यासाठी फक्त एक साधन होता. स्वमग्नतेबद्दल जे पुस्तकात वाचलं होतं, ते त्या मनगटाच्या पकडीनं पक्कं झालं. टेबलापलीकडून प्रश्न विचारत बसले असते, तर ‘मूल सहकार्य करत नाही’ एवढंच कागदावर आलं असतं.

३. बोलत नाही म्हणून आणलेल्या मुलाचे कान आधी तपासून घ्या. निदान त्यानंतर.

४. आईला आरोपी करू नका.
लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या नोंदींवरून स्वमग्नतेचं वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं आईच्या कोरडेपणामुळे असं होतं, असं डॉक्टरच सांगत राहिले. ते मत शास्त्रानं केव्हाच मोडीत काढलं, पण आपल्याकडच्या घराघरांत ते अजून ऐकू येतं. ‘नोकरी करतेस ना, म्हणून’ हे वाक्य सासरी, शाळेत, कधी दवाखान्यातही कानांवर पडून आई आपल्यासमोर येते. तिला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की यात तिचा दोष नाही. आणि पुढच्या वेळी वडिलांना बोलवा. त्यांना सुट्टी मिळत नसेल तर संध्याकाळची वेळ द्या, पण बोलवाच. उपचार घरात चालतात आणि घर एकट्या आईचं नसतं.

५. किशोरवयीन मुलाशी एकांतात बोला, पण गुप्ततेची हद्द आधी सांगा.
जिवाला धोका असेल तर मला घरच्यांना सांगावं लागेल. लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं तो कळवणं मला बंधनकारक आहे. हे मुलानं मन मोकळं करण्याआधी सांगायचं. मागाहून सांगितलं की ते पोर कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही. तसंच २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही वाचून ठेवा: अल्पवयीन मुलाला भरती केलं तर मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि सोबत पालक किंवा काळजीवाहक हवाच.

६. चाचणीचा आकडा म्हणजे मूल नव्हे.
बिने यांची बुद्धिमापन चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. बिने-कामत आजही वापरात आहे. मोठं काम आहे ते. पण मूल उपाशी आलं होतं का, परक्या माणसासमोर गप्प बसलं का, घरी कोणती बोली बोलतं, हे आकड्याशेजारी लिहायलाच हवं.

७. शिकलेलं वाटा.
२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. एवढ्या मुलांना डीएम झालेले डॉक्टर पुरणं शक्य नाही. म्हणून तालुक्याचे बालरोगतज्ज्ञ, शाळांमधले समुपदेशक, आशाताई यांना शिकवणं हा मी ओपीडीइतकाच कामाचा भाग मानते. पहिल्या सत्रात औषधांची नावं नसतात. कोणतं मूल थांबून पाहायचं आणि कोणतं आजच्या आज पाठवायचं, एवढंच असतं.