निकाल लागला, तरी झोप नाही

चि. ओंकार यास,


तुझ्या आईचा फोन आला होता. रात्री तीन-तीनपर्यंत मोबाइल चालू असतो, डबा भरलेलाच परत जातो आणि रूमपार्टनरशी तू बोलणं टाकलंयस. का, तर त्याच्या स्टेटसला दुसऱ्या नेत्याचा फोटो!

राजकारण सोड, असं मी म्हणणार नाही. तुझ्या वयात मत असावंच. पण नेत्याला कुणी बोललं की ते तुझ्या अंगाला लागतं, तिथं मला काळजी वाटते.

4 जून 2024 चा लोकसभेचा निकाल आठव. बीडला पंकजा मुंडे 6,553 मतांनी पडल्या आणि पुढच्या काही दिवसांत आपल्या भागातल्या काही समर्थकांनी जीव दिला. असं करू नका म्हणून पंकजाताईंनाच हात जोडावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी मराठा आरक्षणासाठीही पोरं गेली, तेव्हा आंदोलनाचे नेते मनोज जरांगेंनीही हेच विनवलं. बाजू वेगळ्या, आईबापांचा आक्रोश तोच. पंकजाताई जुलैत विधान परिषदेवर निवडून गेल्या, डिसेंबरात मंत्री झाल्या. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, राजकारणात आजचा पडलेला उद्या उठतोच. गेलेले मात्र हे बघायला उरले नाहीत.

आणि ज्या बाजूसाठी तू मित्र तोडतोस, ती तरी किती टिकते? 2 जुलै 2023 ला राष्ट्रवादीच्या अजितदादा पवारांनी वेगळं होऊन उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि कालपर्यंत एका सतरंजीवर बसणारे कार्यकर्ते दोन गटांत गेले. नेत्यांच्या भेटीगाठी चालूच राहिल्या. अबोला धरला तो गावातल्यांनी.

मोबाइलचंही ओळखून अस. चिडलेला माणूस स्क्रीन सोडत नाही, म्हणून तुला चीड येईल तेच मोबाइल पुन्हा पुन्हा पुढं करतो. रात्री दहानंतर तो उशाशी नको. भांडायची एवढीच खुमखुमी असेल तर ग्रामसभेला ये, नळयोजनेचा हिशेब माग. तिथं निदान काही पदरात पडेल.

झोप उडालेली, कशात मन नाही, असं पंधरवडाभर चाललं तर 14416 लाव. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जगणं नको वाटलं, तर वेळ न बघता आधी मला उठव.

आज रात्री डबा रूमपार्टनरबरोबर उघड. काय बोललात ते सांगू नकोस, दोघं जेवलात एवढं कळव.

तुझा,
मामा