विजेच्या सिगारेटची कुपी : कार्यक्षमता, टिकाऊपणा आणि आरोग्य

बालाघाट जिल्ह्यात तेंदूच्या पानाची पारख शाळेत शिकवावी लागत नाही. अगदी कोवळे पान वळताना फाटते. जून पान जाड शिरांचे व कडक असल्याने नीट वळत नाही. दोन्हींच्या मधले लवचीक पानच फडावर पसंत पडते. एका गुणासाठी दुसऱ्या गुणावर किती पाणी सोडावे, हा प्रश्न उपयोगाच्या प्रत्येक वस्तूच्या घडणीत असतोच. विजेवर चालणाऱ्या सिगारेटमध्ये, म्हणजेच ई-सिगारेटमध्ये, तो कसा सोडवला जातो आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. तथापि चोरट्या मार्गाने ती तरुणांच्या हाती पोहोचते. तिचा आकार कधी लेखणीसारखा, तर कधी संगणकाच्या पेन ड्राइव्हसारखा असल्याने शिक्षकांस व पालकांस ती चटकन ओळखू येत नाही. "ही नुसती वाफ आहे," असे विकणारा सांगतो. ही वाफ कशी निर्माण होते हे समजून घेतल्यास त्या म्हणण्यातील फोलपणा ध्यानात येईल.

रचना

धूररहित सिगारेटच्या एकस्वासाठी अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ साली अर्ज केला होता. आजच्या स्वरूपाचे उपकरण मात्र चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास सिद्ध केले. त्याचे मुख्य भाग दोन : बॅटरी आणि द्रवाची कुपी. कुपीत प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन व सुगंधी द्रव्ये यांचे मिश्रण असते. रॉकेलच्या दिव्यातील वातीप्रमाणे कुपीतील वात हा द्रव शोषून घेते. वातीभोवती किंवा वातीलगत धातूच्या तारेचे वेटोळे असते. वीज मिळताच तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ओढणारा ती श्वासावाटे आत घेतो.

वात आणि तार

वाफ भरपूर हवी, तर तार अधिक तापली पाहिजे. परंतु तार जितकी तापेल, तितकी वात लवकर करपते. कापसाची वात द्रव झटकन शोषते, पण ती फार दिवस टिकत नाही. चिनी मातीच्या जातीची सच्छिद्र वात अधिक काळ टिकते. मात्र ती तापण्यास वेळ घेते आणि आदळल्यास तडकते. तारेचेही तसेच आहे. बारीक तार लगेच तापते, पण लवकर निकामी होते. जाड तार टिकते, पण बॅटरी लवकर रिकामी करते. द्रवात गोडी आणण्यासाठी सुक्रालोज घातले असेल, तर त्याचा थर तारेवर बसतो. दिव्याच्या वातीवर काजळी धरावी, तसाच हा प्रकार होय.

वातीपर्यंत द्रव पुरेसा पोहोचला नाही, तर काय होते? चुलीवरील भांड्यातील पाणी आटल्यावर भांडेच तापू लागते. त्याचप्रमाणे कोरड्या वातीवरील तार भलतीच तापते आणि उरलेल्या द्रवाचे विघटन होते. त्यातून फॉर्माल्डिहाइड व ॲक्रोलीन यांसारखी श्वसनमार्गास अपायकारक द्रव्ये निर्माण होतात.

छिद्रांचा पेच

द्रव वातीपर्यंत नेणारी छिद्रे मोठी ठेवली, तर वात ओली राहते, पण कुपी गळते. छिद्रे लहान ठेवली, तर गळती थांबते, पण वात कोरडी पडते. ग्लिसरीन दाट असल्याने हळू झिरपते व दिसायला दाट ढग देते. प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ असल्याने सहज वाहते. त्यात ऋतुमानाची भर पडते. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात द्रव पातळ होऊन गळू लागतो, तर थंडीत घट्ट होतो. निकोटिनयुक्त द्रव लहान मुलाच्या पोटात गेल्यास किंवा त्वचेस लागल्यास विषबाधा होऊ शकते. यास्तव गळणारी कुपी हा केवळ खिसा खराब होण्याचा प्रश्न नव्हे.

एकदाच वापरण्याची कुपी

हे पेच टाळण्यासाठी उत्पादकांनी एक सोपी वाट काढली. कुपी, तार व बॅटरी एकत्र बंद करावयाची आणि द्रव संपताच संपूर्ण उपकरण फेकून द्यावयाचे. गळती कमी झाली, चवही कायम राहिली. टिकाऊपणाचा प्रश्न मात्र उकिरड्यावर गेला. त्यातील लिथियमची बॅटरी चिरडल्यास पेट घेऊ शकते. ब्रिटनमध्ये प्रौढ धूम्रपींना सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेटचा पर्याय सुचवला जातो. पण त्याच देशाने एकदाच वापरावयाच्या ई-सिगारेटच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी घातली.

हिशेबात न धरलेली बाजू

या साऱ्या हिशेबात यंत्राचे आयुष्य मोजले जाते, ओढणाऱ्याचे नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली ५६ व्यक्तींची उपकरणे तपासली. मूळ बाटलीतील द्रवात धातू अत्यल्प होते. तापलेल्या तारेशी संबंध आल्यावर मात्र द्रवात व वाफेत शिसे, निकेल, क्रोमियम व मॅंगनीज यांचे प्रमाण वाढलेले आढळले. तार वारंवार बदलणाऱ्यांच्या उपकरणांतही हे प्रमाण अधिक असल्याचे दिसले. म्हणजे नवी तार घातली की धोका टळला, असेही नाही. भरवेलीच्या खाणीतील मॅंगनीज ही या जिल्ह्याची संपत्ती आहे. तेच सूक्ष्म रूपात दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्थेस इजा करते.

कुपीतील मिश्रणाशी केलेला खेळ किती महाग पडतो, हेही २०१९ साली अमेरिकेत दिसले. फुप्फुसांच्या तीव्र विकाराने १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले किंवा मृत्यू आला. मृतांची संख्या ६८ होती. यांतील बहुतेकांनी गांजाच्या अर्काच्या कुप्या वापरल्या होत्या. अर्कात भेसळ करूनही तो दाट दिसावा म्हणून घातलेल्या ई जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटशी या विकाराचा निकट संबंध आढळला. चोरट्या बाजारात कुपीत काय भरले आहे हे ग्राहकास कळण्याचा मार्ग नसतो, हाच यातील धडा होय.

ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नसल्याने धुरातील काही विषारी घटक वाफेत कमी असतात, हे खरे. म्हणून ती निर्धोक ठरत नाही. निकोटिनचे व्यसन तेच राहते आणि वाढत्या वयातील मेंदूवर त्याचा परिणाम अधिक होतो. विडीही याला अपवाद नाही. तेंदूपत्त्यावर अनेक कुटुंबांची मीठभाकरी अवलंबून आहे; तथापि पान गोळा करण्यातील प्रतिष्ठा विडीच्या धुरास मिळत नाही.

कायदा आणि कर्तव्य

ई-सिगारेट प्रतिबंध अधिनियम, २०१९ अन्वये उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक व जाहिरात हे सर्व गुन्हे आहेत. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. पुढील अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विक्रीसाठी साठा करणे हाही गुन्हा आहे.

विद्यार्थ्याच्या दप्तरात अशी वस्तू आढळल्यास शिक्षकांनी त्याला वर्गासमोर उभे करून लाजवू नये. त्याला व त्याच्या पालकांना एकांतात बोलावून कुपीतील वात, तार व द्रव यांचे कार्य समजावून द्यावे. ती कोणी विकली याची माहिती मात्र पोलिसांना अवश्य द्यावी. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ या क्रमांकावर मोफत मार्गदर्शन मिळते. फडावर एकेक पान पारखून घेणाऱ्या जिल्ह्याने आपल्या मुलांच्या श्वासात काय जाते, तेही तितक्याच काळजीने पारखावे.