घरातील संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून

संगणकाची कळ दाबावी, चहाचे आधण ठेवून यावे आणि तरीही पडद्यावरील चक्र फिरतच असावे, हा अनुभव आज अनेक घरांत नित्याचा झाला आहे. मुलीच्या प्रवेशअर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर ही चार-पाच मिनिटे साऱ्या घराला अस्वस्थ करून सोडतात. ‘संगणक जुना झाला, आता नवा घ्या’ असा सल्ला मग सहजच मिळतो. परंतु नव्या संगणकाचा खर्च सामान्य कुटुंबाच्या अंदाजपत्रकाला हादरा देणारा असतो. विलंबाचे कारण न शोधता केलेला असा खर्च पुष्कळदा अनाठायी ठरतो.

विलंबाचे मूळ

१९८४ साली ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पाद्वारे भारतातील निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे संगणक आले. कळ दाबताच ते क्षणार्धात कामास सिद्ध होत. त्यांची संचालन प्रणाली आणि बेसिक ही भाषा मिळून अवघ्या ३२ किलोबाइटच्या कायम स्मृतीत कोरलेली असे. ती अन्य कोठून आणावी लागत नसे.

आजचा संगणक त्याहून कितीतरी पटींनी सामर्थ्यवान आहे. पण त्याला सुरू होताना चार पायऱ्या चढाव्या लागतात. प्रथम तो आपल्या भागांची तपासणी करतो. नंतर संचालन प्रणाली डिस्कवरून कार्यस्मृतीत आणतो. त्यानंतर प्रणालीच्या अंतर्गत सेवा जाग्या होतात आणि शेवटी वेळोवेळी बसविलेल्या, आपणहून सुरू होणाऱ्या आज्ञावलींची पाळी येते. विलंब यांपैकी कोणत्या पायरीवर होतो, हे कळले म्हणजे निम्मे काम झाले.

आधी निदान, मग उपाय

त्यासाठी घड्याळ पुरेसे आहे. कळ दाबल्यापासून परवलीचा शब्द विचारला जाईपर्यंतचा वेळ एकदा मोजावा आणि तो शब्द दिल्यापासून प्रत्यक्ष काम करता येईपर्यंतचा वेळ वेगळा मोजावा. दुसरा वेळ अधिक असेल, तर दोष बहुधा आज्ञावलींच्या गर्दीचा असतो. दोन्ही वेळ लांबत असतील, तर संशयाची सुई डिस्ककडे वळते.

गर्दी कमी करणे विनाखर्चाचे काम आहे. विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील स्टार्टअप या विभागात आपणहून सुरू होणाऱ्या आज्ञावलींची यादी आणि प्रत्येकीचा सुरुवातीच्या वेळेवर होणारा परिणाम दिसतो. जिची रोज गरज नाही, तिच्यापुढे ‘डिसेबल’ हा पर्याय निवडावा. त्यामुळे ती आज्ञावली नाहीशी होत नाही. हवी तेव्हा उघडता येते. मात्र विषाणूप्रतिबंधक आज्ञावली, तसेच ध्वनी व स्पर्शपट्टी यांच्याशी संबंधित नोंदींना हात लावू नये. ज्या नोंदीचा अर्थ लागत नाही, ती तशीच ठेवणे शहाणपणाचे होय. ‘संगणक वेगवान करू’ असे आश्वासन देणाऱ्या फुकट आज्ञावलींचा मोहही टाळावा. त्या स्वतःच या रांगेत येऊन उभ्या राहतात.

डिस्कचा प्रश्न

जुन्या संगणकांतील हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. हवी ती माहिती गाठण्यासाठी तिला साधारणपणे १० ते २० मिलिसेकंद लागतात. हा काळ क्षुल्लक वाटतो. परंतु सुरू होताना हजारो लहान फायली वाचाव्या लागत असल्याने त्याची बेरीज मिनिटांत जाते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. त्यामुळे तेच काम ती मिलिसेकंदाच्या अल्पांशात करते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात आपल्या संगणकात कोणती डिस्क आहे, हे पाहता येते. हार्ड डिस्क असल्यास केवळ ती बदलल्याने जुन्या यंत्रात लक्षणीय फरक पडतो आणि हा खर्च नव्या संगणकाच्या तुलनेत बराच कमी असतो. मात्र डिस्क बदलण्यापूर्वी छायाचित्रे, गुणपत्रके, जमिनीची कागदपत्रे यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवणे अत्यावश्यक आहे. वेग पुन्हा मिळविता येतो. गमावलेली माहिती मिळेलच याची शाश्वती नसते.

वेग आणि सुरक्षितता

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे विनामूल्य साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे चपळ झालेला संगणक सुरक्षितही आहे, असे गृहीत धरता येत नाही. आपले यंत्र विंडोज ११ स्वीकारू शकते का, हे डिस्कवर खर्च करण्यापूर्वीच पाहून घ्यावे. ते शक्य नसेल, तर लिनक्ससारख्या विनामूल्य प्रणालीचाही विचार करता येतो.

घड्याळ लावून वेळ मोजणे, अनावश्यक गर्दी हटविणे, डिस्क तपासणे आणि मगच पैशाचा विचार करणे, हा क्रम पाळला तर अडगळीत जाऊ पाहणारे यंत्र आणखी काही वर्षे घराच्या उपयोगी पडू शकेल आणि मुदतीच्या दिवशी कोणा मुलीचा अर्ज वेळेवर पोहोचेल.